ताई, रक्ताच्या टेस्टवर भागेल का?

पत्र: "ताई नमस्कार. वय ४१, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला आहे. वडिलांना आठ वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा ते ५६ चे होते, ऑपरेशन आणि केमो झाली, आता बरे आहेत. मला सात-आठ महिने झाले अधूनमधून संडासवाटे रक्त पडतं. गावातल्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्ण दिलं, कमी होतं, परत येतं. मागच्या महिन्यात कारखान्यावर कॅम्प होता, त्यात हिमोग्लोबिन १०.८ आलं. तिथेच एका लॅबचा माणूस म्हणाला की मायक्रोआरएनएची नवीन टेस्ट आलीय, नुसतं रक्त द्यायचं, आतड्याचा कॅन्सर असेल तर कळतो, चौदा हजार रुपये. माझी थोरली बहीण अमेरिकेत असते, वय ४३, ती पण म्हणते तिकडे रक्ताच्या टेस्टला मंजुरी मिळालीय. मला कोलोनोस्कोपीची, ती मागून दुर्बीण घालून आतडं बघतात त्याची, फार भीती वाटते, लाजही वाटते. ही टेस्ट निगेटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी टाळता येईल ना? बायकोला अजून काही बोललो नाही. आणि हो, आत्याला ४७ व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता, पण त्याचा याच्याशी संबंध नसेल बहुतेक."

दादा, नमस्कार.

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. नाही, टाळता येणार नाही. आणि खरं सांगू का, तुमची ती टेस्ट निगेटिव्ह आली तर मला जास्त काळजी वाटेल, कारण तो कागद खिशात ठेवून तुम्ही अजून वर्षभर मलम लावत बसाल. पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करणार? कोलोनोस्कोपीच. म्हणजे दोन्हीकडून चौदा हजार गेले आणि वेळ गेला तो वेगळाच, आणि तुमच्या बाबतीत वेळ जास्त महत्त्वाचा आहे.

मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या हाताळल्या, त्यामुळे रक्ताच्या टेस्टवर माझा राग अजिबात नाही, उलट या मायक्रोआरएनएचं मला फार कौतुक आहे. पण कौतुक वेगळं आणि तुमच्यासारख्या माणसाला आज त्यावर विसंबून राहा म्हणून सांगणं वेगळं. ते का, तेच जरा नीट सांगते, म्हणजे तो लॅबवाला परत आला तर तुम्हीच त्याला दोन प्रश्न विचाराल.

तुम्ही कारखान्यात आहात म्हणून तिथलंच सांगते. शेतकी ऑफिसातून ऊसतोडीची चिठ्ठी निघते, ती टोळीपर्यंत पोचली की तोड सुरू होते, बरोबर? आपल्या पेशींमध्ये पण तसंच असतं, डीएनएकडून चिठ्ठी निघते, त्या चिठ्ठीप्रमाणे प्रोटीन तयार होतं. आता मधे एखादा चिटबॉय असा असला की जो काही चिठ्ठ्या दाबून ठेवतो, काही फाडून टाकतो, तर वरून ऑर्डर निघूनही तोड होणार नाही. मायक्रोआरएनए म्हणजे हा चिठ्ठी दाबणारा. एवढासा असतो, साधारण २२ अक्षरांचा तुकडा, स्वतः काही बनवत नाही, पण कुठल्या चिठ्ठीवर काम व्हायचं आणि कुठल्या नाही हे ठरवतो. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना हा प्रकार एका जेमतेम एक मिलिमीटर लांब जंतात सापडला, त्यावेळी बऱ्याच लोकांना वाटलं की हे त्या जंतापुरतंच असेल, पण २००० साली असाच दुसरा एक सापडला आणि तो माणसातही निघाला, आणि २०२४ मध्ये त्या दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कॅन्सरमध्ये या चिटबॉयांचा कारभार बिघडतो. पेशीला वाढ थांबव म्हणणारी चिठ्ठी दाबली जाते, आणि वाढत राहा म्हणणारी मोकळी सुटते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मिर-२१ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढचा त्याचा नंबर) वाढलेला दिसतो, मिर-१४३ आणि मिर-१४५ कमी झालेले दिसतात, हे दोन कमी होतात हे २००३ मध्येच दिसलं होतं. मग २००८ मध्ये सिएटल आणि नानजिंगमधल्या लोकांनी दाखवलं की हे तुकडे रक्तात पण फिरत असतात आणि विशेष म्हणजे टिकून असतात. आरएनए म्हणजे एरवी इतकी नाजूक वस्तू की रक्तात सुटी सोडली तर काही मिनिटांत तिचा भुगा होतो, पण हे तुकडे प्रोटीनला बिलगून किंवा चरबीच्या बारीक पिशव्यांमध्ये बसून फिरतात म्हणून वाचतात. आम्हा लॅबच्या माणसांना हे वाचून काय वाटलं असेल तुम्हीच बघा, आतड्यातल्या गाठीची चिठ्ठी दंडातल्या शिरेतून हाती लागतेय!

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, हाँगकाँगच्या डॉक्टरांनी आतड्याच्या कॅन्सरचे ९० पेशंट आणि ५० निरोगी माणसं घेऊन बघितलं. मिर-९२ नावाच्या तुकड्यावरून १०० पैकी ८९ पेशंट बरोबर ओळखू आले, पण निरोगी लोकांतल्या १०० पैकी ३० जणांनाही टेस्टने उगाच कॅन्सर सांगितला. २०१० मध्ये शांघायच्या लोकांनी मिर-२९ए आणि मिर-९२ए जोडीने मोजले, तेव्हा पेशंट ओळखण्याचं प्रमाण ८३ टक्के आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचं साधारण ८५ टक्के आलं. वाचायला छानच वाटतं. तुमचा लॅबवाला असलेच आकडे दाखवत असणार.

आता यातली अडचण सांगते, आणि ही मी डोळ्यांनी बघितलेली आहे. रक्त काढताना सुई बारीक असली, शीर नीट सापडली नाही, माणसाने सिरिंज जोरात ओढली, किंवा नळी कॅम्पहून मोटरसायकलच्या डिकीतून उन्हातून आली, की तांबड्या पेशी फुटतात. नळी फिरवून वरचं पाणी बघायचं, चांगलं असेल तर गवती चहाच्या कोऱ्या पाण्यासारखं पिवळसर दिसतं, आणि पेशी फुटल्या असतील तर गुलाबी, अगदी कोकमाचं पाणी पातळ केल्यासारखं. साध्या पोटॅशियमच्या टेस्टलासुद्धा आम्ही अशी नळी परत पाठवायचो. आणि हा जो मिर-९२ए, ज्याच्यावर एवढी मदार, तो तांबड्या पेशींमध्ये भरपूर असतो! पेशी फुटल्या की तो बाहेर येतो आणि मशीनला वाटतं वाढलाय. डोळ्याला गुलाबी दिसण्याइतक्या फुटायलाही लागत नाहीत, थोड्या फुटल्या तरी आकडा हलतो. म्हणजे तुमच्या आतड्यात काहीच नसताना, त्या दिवशी रक्त काढणाऱ्या पोराचा हात जड होता म्हणून तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. म्हणून त्या लॅबवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा, की नळीत पेशी फुटल्यात का हे तुम्ही कसं तपासता.

दुसरं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. काट्यावर भरलेली गाडी घेता, मग रिकाम्या गाडीचं वजन वजा करता, तेव्हा ऊस किती ते कळतं. समजा कुणी रिकाम्या गाडीचं वजन घेतलंच नाही, सगळ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सारख्याच धरल्या, तर? शेतकरी काटा डोक्यावर घेईल. मायक्रोआरएनए मोजताना पण असंच एक रिकाम्या गाडीचं वजन लागतं, म्हणजे रक्तातला असा एक तुकडा जो सगळ्यांत सारखाच असेल, त्याच्याशी तुलना करून बाकीचे मोजायचे. बऱ्याच अभ्यासांत त्यासाठी मिर-१६ धरला, आणि तो पण तांबड्या पेशींतलाच निघाला, त्यामुळे तोही कमीजास्त होतो. कुणी मिर-१६ धरला, कुणी दुसरा धरला, कुणी जंताचा तुकडा बाहेरून टाकून त्याच्याशी तुलना केली, कुणी प्लाझ्मा घेतला (न गोठलेल्या रक्तावरचं पाणी), कुणी सीरम (गोठलेल्या रक्तावरचं). मग एका अभ्यासात वाढलेला तुकडा दुसऱ्या अभ्यासात दिसतच नाही. यात लबाडी कुणाचीच नाही, प्रत्येकाचा काटा वेगळा आहे एवढंच.

तिसरी गोष्ट म्हणजे रक्त सगळ्या शरीराचं असतं, त्यात सगळ्या कारखान्यांच्या चिठ्ठ्या उडत असतात. मिर-२१ आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढतो हे खरं, पण तो इतर बऱ्याच कॅन्सरमध्येही वाढतो, नुसत्या सुजेनेही वाढतो. रस्त्यावर चिठ्ठी सापडली म्हणून ती कुठल्या गटातली हे कसं सांगणार?

आणि एक हिशोब करून बघा. काही तक्रार नसलेली पन्नाशीची १००० माणसं घ्या, समजा त्यात ५ जणांना खरंच कॅन्सर आहे. शांघायच्या आकड्यांनी गेलं तर ५ पैकी ४ सापडतील, एक सुटेल, आणि उरलेल्या ९९५ मधल्या दीडशेच्या वर माणसांना टेस्ट पॉझिटिव्ह येईल. म्हणजे कॅम्पमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक चाळीस माणसांत खरा पेशंट एखादाच, बाकीच्यांच्या घरी रडारड. म्हणूनच आजघडीला आतड्याच्या कॅन्सरसाठी रक्तातल्या मायक्रोआरएनएच्या कुठल्याही टेस्टला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं आणि टेस्ट तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेची, मंजुरी नाही. अभ्यास जोरात चालू आहेत, पाच-सहा तुकडे एकत्र मोजायचे, मोठ्या संख्येने माणसं घ्यायची, रक्त घ्यायची पद्धत एकसारखी ठेवायची, आणि मला मनापासून वाटतं की यातून चांगलं काहीतरी निघेल. पण तुमच्या आजच्या प्रश्नाला ते उपयोगाचं नाही.

मग तुमच्या अमेरिकेतल्या ताई म्हणतात ती मंजुरी कसली? ती टेस्ट वेगळी आहे, तिचं नाव शील्ड, जुलै २०२४ मध्ये एफडीएने मंजूर केली, पण ती रक्तातले डीएनएचे तुकडे बघते, मायक्रोआरएनए नाही. ती मंजुरी पण नीट वाचायला सांगा, ४५ वर्षं किंवा जास्त वय, आणि धोका सर्वसाधारण, म्हणजे तक्रार नाही, घरात कुणाला नाही, अशा लोकांसाठी आहे. ताईंचं वय ४३, वडिलांना कॅन्सर, म्हणजे त्या दोन्ही बाजूंनी त्यात बसत नाहीत. त्या टेस्टने १०० पैकी ८३ कॅन्सर पकडले हे चांगलंच आहे, पण कॅन्सर व्हायच्या आधीचे जे मोठे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतून उगवणारे कोंब असतात, ते १०० पैकी फक्त १३ पकडले. आणि खरी कमाई तर तिथेच आहे दादा. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, कोलोनोस्कोपीत तो दिसला की त्याच वेळी तारेच्या फासात धरून कापून काढतात, विषय संपला. कुठलीही रक्ताची टेस्ट पॉलिप काढून देत नाही.

अजून एक, कॅम्पच्या पॅकेजमध्ये सीईए म्हणून रक्तातल्या एका प्रोटीनची टेस्ट असेल, तुमच्या वडिलांची फॉलोअपला करत असतील. ती ऑपरेशननंतर लक्ष ठेवायला चांगली आहे, पण सीईए नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही असं समजू नका, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मलच असते.

आता तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी, ज्या तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथे थांबले.

एक, हिमोग्लोबिन १०.८. पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. बायकांचं पाळीमुळे कमी होतं, पण पुरुषाचं, तेही अंगाने धडधाकट असलेल्या पुरुषाचं, लोह कमी होऊन हिमोग्लोबिन घसरलं तर रक्त कुठूनतरी जातंय असंच आधी धरायचं. फेरिटिनची टेस्ट करून घ्या, लोहच कमी आहे का ते कळेल. म्हणजे तुमच्याकडे रक्ताची महत्त्वाची टेस्ट झालेलीच आहे, शे-दोनशेची, आणि ती चौदा हजारवालीपेक्षा जास्त बोलतेय. लोहाच्या गोळ्या घेऊन आकडा वर आणायचा आणि गप्प बसायचं, असं मात्र करू नका.

दोन, आत्या. संबंध नसेल असं तुम्ही लिहिलंय, पण असू शकतो. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक प्रकार असतो, त्यात डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जीन्सपैकी एक बिघडलेला असतो, आणि अशा घरांत मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, तोही पन्नाशीच्या आसपास किंवा आधी, दिसतो. भाऊ-बहीण, एकाला आतड्याचा, एकीला ४७ ला गर्भाशयाचा, एवढ्यावर कुणी लिंच आहे असं म्हणणार नाही, पण बघायला हवं असं नक्की म्हणेल. बघायचं कसं, तर वडिलांच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजीत बरीच वर्षं जपून ठेवतात, त्यावर एमएमआर, म्हणजे या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रोटीनची टेस्ट करता येते. जुन्या रिपोर्टमध्ये ती झालेली असली तर लिहिलेलंच असेल. शंका राहिली तर जेनेटिक कौन्सेलरकडे जायचं, मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. लिंच निघाला तर तो आई-वडिलांकडून प्रत्येक मुलाकडे यायची शक्यता निम्मी असते, आणि ज्याच्याकडे असेल त्याला दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी लागते, तीही बहुधा विशीतच, कुठला जीन बिघडलाय त्याप्रमाणे कधी तिशीत, सुरू करतात. हे ताईंनाही सांगा.

लिंच नसला तरी, वडिलांना साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी चाळिशीला पहिली कोलोनोस्कोपी करायची, किंवा वडिलांच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल ते, आणि मग दर पाच वर्षांनी. तुम्ही ४१, ताई ४३. म्हणजे रक्त पडलं नसतं तरी दोघांची वेळ झालेलीच होती.

मूळव्याधीबद्दल एवढंच, तुम्हाला ती असेलही. बहुतेकांचं रक्त मूळव्याधीचं किंवा चिरेचंच असतं, आणि तुमचंही तसं निघालं तर मला आनंदच आहे. पण मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्यात दुसरं काही होत नाही असा काही नियम नाही ना. त्या डॉक्टरांनी बोटाने तपासलं का, प्रॉक्टोस्कोप, म्हणजे आत बघायची छोटी नळी, घातला का? तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. माझ्या मावसभावाला दीड वर्ष असंच मलम चालू होतं, एकानेही हात लावून तपासलं नाही, शेवटी कोलोनोस्कोपी केली तेव्हा गाठ लिव्हरपर्यंत गेलेली होती. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून तुमचं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसले.

आता भीती आणि लाज. लाजेचं सांगते, त्या खोलीत एक डॉक्टर, एक सिस्टर, एक असिस्टंट, मागे कापलेली पँट घालायला देतात, वरून चादर, तुम्ही डाव्या कुशीवर, आणि ती माणसं दिवसाला दहा जणांचं बघतात, त्यांचं लक्ष स्क्रीनवर असतं. झोपेचं इंजेक्शन देतात, बऱ्याच जणांना काही आठवतही नाही. अर्धा-पाऊण तास. आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, पण हजारात एकापेक्षाही कमी. खरा त्रास आदल्या रात्रीचा, ते पोट साफ करायचं औषध. पावडर दोन लिटर पाण्यात कालवून दोन तासांत प्यायची, खारट-गोडसर लागतं, गार करून प्यायलं तर जातं, मधे लिंबाची फोड चोखली तर बरं. मग संडासच्या जवळच राहायचं, शेवटी शेवटी नुसतं पिवळं पाणी येतं, तळ दिसेल इतकं स्वच्छ, तेव्हा झालं समजायचं. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, तीळ, जवसाची चटणी, पालेभाजी बंद, बिया आतड्याला चिकटून बसतात आणि डॉक्टरांना नीट दिसत नाही, मऊ वरण-भात, ताक यावर राहा. लोहाची गोळी चालू केली असेल तर आठवडाभर आधी थांबवावी लागते, तिच्याने सगळं काळं होतं. रक्त पातळ व्हायची किंवा शुगरची गोळी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, मनाने बंद करू नका. हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे डॉक्टर त्याच दिवशी वरून पण दुर्बीण घालू म्हणतील, तर हो म्हणा, एकाच उपाशीपोटी दोन्ही होतं.

घरी जाताना गाडी चालवायची नसते, गुंगी असते, त्यामुळे बरोबर कुणीतरी लागतंच. तेव्हा बायकोला सांगायला लागेलच, तर आजच सांगा. सात महिने बाथरूममध्ये पाणी टाकून लपवताय, तिला काही कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं का? सासऱ्यांचं ऑपरेशन तिने बघितलंय, रात्रीच्या डब्यापासून केमोच्या वाऱ्यांपर्यंत सगळं केलं असेल, तिच्यापासून काय लपवायचं. आणि वडिलांनाही विचारा, कोलोनोस्कोपी कशी असते ते. त्यांनी आठ वर्षांत तीन-चार वेळा तरी केली असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

पोटाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे (गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट) जाताना कॅम्पचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, वडिलांच्या ऑपरेशनच्या फाईलमधला बायॉप्सीचा कागद आणि आत्याला कॅन्सर झाला तेव्हाचं वय, तिचं ऑपरेशन कुठे झालं, एवढं एका कागदावर लिहून न्या. आत्या किंवा त्यांची मुलं असतील तर त्यांनाही फोन करा, त्यांच्याकडेही जुनी फाईल असेल. सध्या गळीत हंगाम चालू आहे, सुट्टी मिळत नाही असं म्हणाल, तर काट्यावर दुसरा माणूस दोन दिवस बसेल. या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.